दुरून आलेला हात

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळा सुटून पोरे पांगली होती आणि मी निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढून कचेरीत बसलो होतो. पलीकडच्या टेबलाशी आठवीतली एक मुलगी शाळेचा लॅपटॉप उघडून बसली होती. तिला बुद्धिबळाचा नाद आहे. गावात तिच्याशी डाव मांडील असा कोणी उरला नाही, तेव्हा पुण्याचे एक शिक्षक आठवड्यातून दोनदा तिला दुरूनच शिकवू लागले. त्यांचा आवाज लॅपटॉपमधून येतो; पट मात्र दोघांपुढे एकच असतो. पत्र्यावर पावसाचा जोर वाढला म्हणून मी मान वर केली, तो पडद्यावरचा बाण आपोआप सरकताना मला दिसला. मुलीचे दोन्ही हात मांडीवर होते. बाण घोड्यापाशी गेला, घोडा उचलला गेला, आपल्या अडीच घरांच्या चालीने पलीकडे जाऊन बसला, आणि पुण्याहून आवाज आला, "कळलं ना, बाळ?"

"हो सर," ती म्हणाली.

हे दोन शब्द ऐकून मुलाला खरोखर कळले आहे की नाही, हे ओळखण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. तिला कळले नव्हते.

त्या संध्याकाळी वह्या तशाच राहिल्या. मी मराठीचा मास्तर. यंत्रांतले मला फारसे कळत नाही. परंतु दीडशे कोसांवरचा एक माणूस आमच्या कचेरीतल्या यंत्राला हात घालतो, आणि तो हात दिसत नाही, हे काही मनातून जाईना. हा हात आला कोठून? कोणी तो पहिल्यांदा एवढा लांब केला? आणि तो मुलीच्या पटावर येऊन पोहोचला तो कोणत्या वाटेने? त्या शोधात चार महिने गेले. जे हाती लागले ते येथे मांडतो.

गुरूचा हात ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद नुसते तोंडाने शिकवीत नाही. पोराची मान धरून तो तिचा कोन दाखवतो, ढाक मारताना कंबर कोठे हवी ते कंबरेला हात लावून सांगतो. मल्लखांबावर चढणाऱ्या मुलाच्या पाठीशी शिक्षकाचा तळवा असतोच. तेथे हात हीच भाषा असते, आणि त्या भाषेला अंतर मुळीच सोसत नाही. कुस्ती तारेने धाडता येत नाही.

बुद्धिबळाचे तसे नाही. चौसष्ट घरे, प्रत्येक घराला एक अक्षर आणि एक अंक. कोठून कोठे, एवढे सांगितले की खेळी पुरी झाली. चार खुणांत मावणारा दुसरा खेळ मला तरी आठवत नाही. म्हणूनच माणसाने दूर बोलण्याचे एकेक साधन शोधले, आणि थोड्याच दिवसांत त्यावरून बुद्धिबळ खेळून पाहिले. मोर्सची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही तार १८४४ च्या मे महिन्यात सुरू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या दोन शहरांतले लोक तिच्यावरून डाव खेळत होते. १८४५ च्या एप्रिलात हॉवर्ड स्टाँटन हा इंग्लंडचा गाजलेला खेळाडू पोर्टस्मथजवळच्या गॉस्पोर्टला बसून तारेने लंडनकरांशी खेळला. १८९७ मध्ये ब्रिटनचे हाउस ऑफ कॉमन्स आणि अमेरिकेचे प्रतिनिधिगृह यांच्यात अटलांटिकखालच्या तारेवरून सामना झाला आणि तो अडीच-अडीच गुणांनी बरोबरीत सुटला. १९४५ च्या सप्टेंबरात, महायुद्ध नुकते संपत असताना, सोव्हिएत संघाने रेडिओवरून खेळलेल्या सामन्यात अमेरिकेचा साडेपंधरा विरुद्ध साडेचार असा धुव्वा उडवला.

या मालिकेतला मला सर्वांत आवडलेला प्रसंग १९६५ चा. हवानाला कापाब्लांकाच्या स्मरणार्थ स्पर्धा होती. अमेरिकन सरकारने बॉबी फिशरला क्यूबाला जाऊ दिले नाही. तेव्हा फिशर न्यूयॉर्कच्या मार्शल क्लबात एका खोलीत बसला, आणि त्याच्या खेळ्या टेलेक्सने हवानाला जाऊ लागल्या. तिकडे त्याच्या जागी पटाशी बसून त्या खेळ्या लावीत होता खुद्द कापाब्लांकाचा मुलगा. डाव लांबत, माणसे थकत. तरी फिशर त्या स्पर्धेत दुसऱ्या ते चौथ्या स्थानांत विभागून आला. पहिला आला स्मिस्लॉव्ह.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या साऱ्या डावांत तारेवरून फक्त निरोप जात होता. मोहरे हलवायला तिकडे कोणीतरी माणूस लागतच होता. कापाब्लांकाच्या मुलाने फिशरला आपला हात उसना दिला होता. पण तो हात त्याचाच होता, आणि निरोप वाचून तो हलत होता. दुरून थेट हात घालण्याची कथा निराळी आहे, आणि ती पटावरून नव्हे, गणितावरून सुरू होते.

जॉर्ज स्टिबिट्झ हा बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतला गणिती. १९३७ साली त्याने घरातल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर टेलिफोनचे टाकून दिलेले रिले, दिवे आणि पत्र्याच्या पट्ट्या जोडून बेरीज करणारे एक इवलेसे यंत्र बनवले. त्यातून पुढे सॅम्युअल विल्यम्स या अभियंत्याच्या साहाय्याने न्यूयॉर्कमध्ये एक मोठे गणकयंत्र उभे राहिले. त्यात साडेचारशेच्या आसपास रिले होते. त्याचा कळफलक यंत्रापासून दूर, निराळ्या खोलीत ठेवायचा, ही सोय प्रारंभापासूनच होती. खोलीएवढे अंतर चालते, तर शहराएवढे का चालू नये? ११ सप्टेंबर १९४० रोजी न्यू हॅम्पशायर संस्थानातल्या हॅनोव्हर गावी, डार्टमथ कॉलेजात, अमेरिकन गणितज्ञांची सभा भरली होती. स्टिबिट्झने सभागृहात एक दूरमुद्रक, म्हणजे तारेला जोडलेले टंकयंत्र, आणून ठेवले. गणित टंकायचे, ते तारेने सुमारे चारशे किलोमीटरवरच्या न्यूयॉर्कला जायचे, तेथले यंत्र ते सोडवायचे, आणि मिनिटभरात उत्तर हॅनोव्हरच्या कागदावर आपोआप उमटायचे. सभेतले पंडित एकामागून एक उठून गणिते घालू लागले. त्यांत नॉर्बर्ट वीनर होता, आणि पुढे 'एनिॲक' यंत्राच्या दोन प्रमुख निर्मात्यांपैकी एक ठरलेला जॉन मॉकलीही होता. तिकडे न्यूयॉर्कला कोणी माणूस निरोप वाचून कळा दाबीत नव्हता. दुरून आलेला हात थेट यंत्रावर पडला, तो पहिल्यांदा त्या दिवशी.

त्याच डार्टमथ कॉलेजात १९६४ च्या १ मे रोजी पहाटे केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी एकाच यंत्रावर अनेक विद्यार्थ्यांना एकाच वेळी, आपापल्या दूरमुद्रकावरून काम करता येईल अशी व्यवस्था सुरू केली. विद्यार्थ्याने यंत्रापर्यंत जायचे नाही, यंत्राने विद्यार्थ्यापर्यंत यायचे, हा त्यातला विचार. मास्तर म्हणून मला हा विचार फार मोठा वाटतो.

चार वर्षांनी, ९ डिसेंबर १९६८ ला, डग्लस एंगेलबार्टने सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभागृहात हजारभर लोकांपुढे एक प्रयोग केला. त्याचे यंत्र होते पन्नासेक किलोमीटरवर, मेन्लो पार्कला. त्याच्या हाती लाकडी ठोकळ्याएवढे एक साधन होते. त्यालाच आज आपण माउस म्हणतो. प्रयोग चालू असता मेन्लो पार्कहून त्याचा सहकारी पडद्यावर दिसू लागला, आणि दोघे एकाच मजकुरावर, एकाच वेळी, आपापला बाण फिरवू लागले. एक पडदा, दोन माणसे, दोन बाण. आमच्या कचेरीत मी जे पाहिले त्याचा पूर्वज हाच.

मग हे गावोगाव कसे पोहोचले? १९९८ साली इंग्लंडातल्या केंब्रिजच्या एका संशोधनशाळेने 'व्हीएनसी' नावाचा आज्ञासंच जगाला फुकट वाटला. त्याची युक्ती सांगायला सोपी आहे. संगणकाचा पडदा म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. ती सारी पुन्हा पुन्हा धाडत बसायचे नाही. जेवढा चौकोनी तुकडा बदलला असेल तेवढाच पुढे पाठवायचा. उलट दिशेने फक्त एवढेच येते, की कोणती कळ दाबली आणि बाण कोठे नेला. आता पाहा, बुद्धिबळाची एक साधी खेळी झाली तर पडद्यावर बदलतात किती घरे? दोन. जेथून मोहरे उचलले ते एक, आणि जेथे ठेवले ते दुसरे. आमच्या गावचे इंटरनेट पावसात लंगडते, चित्रपट तर अडखळत अडखळत चालतो. पण पुण्याचा घोडा आमच्याकडे बिनबोभाट येऊन बसतो तो यामुळे. १८४४ साली चार खुणांत मावणारा खेळ आजही दोन घरांत मावतो.

दरम्यान बुद्धिबळातच एक उलटा प्रकार घडत होता. १९६६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचे यंत्र आणि मॉस्कोच्या संशोधनसंस्थेचे यंत्र यांच्यात तारेने सामना सुरू झाला. चार डावांना नऊएक महिने लागले, आणि मॉस्कोने दोन जिंकून, दोन बरोबरीत सोडवून तो तीन विरुद्ध एक असा घेतला. १९७० साली न्यूयॉर्कच्या हॉटेलात यंत्रांची पहिली स्पर्धा भरली. सहा आज्ञासंच उतरले होते, पण बहुतेकांची यंत्रे तेथे नव्हतीच. ती आपापल्या गावी राहिली आणि टेलिफोनने खेळली. १९७४ साली स्टॉकहोमला यंत्रांची पहिली विश्वस्पर्धा झाली. ती चारही डाव जिंकून 'काइसा'ने मारली. 'काइसा' चालत होती मॉस्कोच्या यंत्रावर. पटाशी माणूस बसलेला असे, फोनवरून खेळी आली की तो मोहरे उचली. म्हणजे हवानाला जे झाले त्याचाच हा आरसा. तेथे डोके फिशरचे होते आणि हात उसना होता. येथे हात माणसाचा आणि डोके यंत्राचे. माणूस नुसता हात होऊन बसतो, हे दृश्य तेव्हा लोकांनी गंमत म्हणून पाहिले असावे. आज मला त्यात गंमत वाटत नाही.

आता गुरूंकडे वळू. या विद्येत गुरू नेहमीच होते, परंतु त्यांना मर्यादा होती. आपल्या सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ चालवून पिढ्या घडवल्या, त्या समोरासमोर पट मांडून. रशियात मिखाईल बोट्विनिक हा विश्वविजेता पेशाने विद्युत अभियंता होता, आणि यंत्राला बुद्धिबळ शिकवण्याचा ध्यास त्याने उतारवयापर्यंत सोडला नाही. १९६३ मध्ये त्याने मुलांसाठी शाळा काढली. कार्पोव्ह तिचा आरंभीचा विद्यार्थी, आणि १९७३ मध्ये बाकूहून दहा वर्षांचा कास्पारोव्ह तिच्यात आला. पण डाव सुरू झाला की गुरूचे तोंड बंद, हा नियम सर्वत्र एकच. त्याला फट एकच होती: तहकूब डाव. दिवसभरात डाव संपला नाही तर पुढची खेळी लिहून पाकिटात बंद करायची, आणि रात्रभर साहाय्यकांसह पट मांडून बसायचे. १९७२ साली रेक्याविकला फिशर आणि स्पास्की यांचा एकविसावा डाव असाच तहकूब झाला. रात्रीच्या त्या चिंतनातून एवढेच निघाले की डाव वाचत नाही. दुसऱ्या दिवशी स्पास्की पटाशी आलाच नाही, त्याने फोनवरून हार कळवली. विश्वविजेतेपदाने हात बदलला तो टेलिफोनवर.

पुढे यंत्रे बलवान झाली तशी ही फट बुजवावी लागली, कारण रात्रभर बसायचे ते साहाय्यकांनी की यंत्रांनी, हा प्रश्नच उरला नाही. नव्वदीच्या दशकात तहकुबी मोडीत निघाली. तयारीत मात्र यंत्र आत आले ते कायमचे. १९८५ साली हॅम्बुर्गच्या आठ खेळाडूंशी एकाच वेळी खेळताना कास्पारोव्ह साडेतीन-साडेचार असा हरला होता. १९८७ साली तो पुन्हा गेला. या वेळी 'चेसबेस' या नव्या आज्ञासंचाच्या मदतीने त्याने प्रतिस्पर्ध्यांचे जुने डाव संगणकावर चाळून घेतले होते. निकाल लागला सात विरुद्ध एक. आणि दहा वर्षांनी, १९९७ च्या मे महिन्यात, त्याच कास्पारोव्हला 'डीप ब्लू'ने हरवले.

आपल्या विश्वनाथन आनंदची २०१० ची सोफिया येथील लढत मला या साऱ्या कथेचा मध्य वाटते. आइसलंडच्या ज्वालामुखीची राख युरोपच्या आकाशात पसरली, विमाने थांबली, आणि आनंदला फ्रँकफर्टहून मोटारीने ऑस्ट्रिया, हंगेरी, रुमानिया असे सुमारे चाळीस तास हिंडत सोफिया गाठावी लागली. तीन दिवस मागितले होते, एक मिळाला. समोर टोपालॉव्ह, घरच्या मैदानावर. त्याच्या हाताशी ११२ गाभ्यांचा संगणकसंच आणि खास त्याच्यासाठी दिलेला 'रिब्का' हा आज्ञासंच असल्याचे त्या वेळी छापून आले होते. असले यंत्र कोणी पेटीत घालून नेत नाही. ते कोठे तरी उभे असते आणि साहाय्यक त्याला दुरून कामाला लावतात. आनंदजवळही यंत्रे होतीच, नील्सन, कासिमजानोव्ह, वोयताशेक आणि कोलकात्याचा सूर्यशेखर गांगुली असे साहाय्यक होते. म्हणजे तयारीत कोणी उघडा नव्हता.

तरीही पहिल्या डावात काय झाले? आनंदने घरी पक्की केलेली चालींची साखळी होती, आणि पटावर तिचा क्रम तो चुकला. तीस खेळ्यांत डाव गेला. यंत्राने सांगितलेले सारे खोलीत तयार होते. पण खोली आणि पट यांच्यामध्ये एक माणूस होता आणि तो विसरला. शेवटच्या, बाराव्या डावात नेमके उलटे घडले. बरोबरीकडे चाललेला डाव टोपालॉव्हने ओढून उघडा केला, आणि काळी मोहरी घेतलेल्या आनंदने त्याच्या राजावर चढाई करून विश्वविजेतेपद राखले. त्या घटकेला शंभरावर गाभ्यांचा संच टोपालॉव्हला काही उपयोगाचा नव्हता. तो हात तेथवर पोहोचत नव्हता. पोहोचू नये असा नियमच होता.

हा नियम मोडला तर काय होते, तेही त्याच वर्षी दिसले. सायबेरियातल्या खांती-मान्सीस्क येथे ऑलिंपियाड चालले होते. फ्रेंच संघातल्या एका खेळाडूचा डाव फ्रान्समध्ये बसलेला एक मित्र इंटरनेटवर पाही, घरच्या संगणकाला खेळी विचारी, आणि ती आकड्यांत लपवून एसएमएसने सभागृहातल्या संघाच्या प्रशिक्षकाला कळवी. प्रशिक्षक मग ठरलेल्या टेबलामागे जाऊन उभा राही. कोणत्या टेबलामागे उभा आहे यावरून खेळाडूने घर ओळखायचे, असा तो आरोप. त्या खेळाडूला आपल्या पटावरचे सुवर्णपदकही मिळाले होते. तिघांनी इन्कार केला. परंतु फ्रेंच महासंघाने २०११ मध्ये आणि पुढे जागतिक महासंघाच्या नीतिसमितीने २०१२ मध्ये त्यांना दोषी धरून खेळबंदी केली.

हे वाचून मला यंत्राचा राग आला नाही. मनात राहिला तो प्रशिक्षक. ज्याने शिष्याला एकटे उभे राहायला शिकवायचे, तोच शिष्याच्या डोळ्यांपुढे उभा राहून त्याला खुणांनी हलवतो. स्टॉकहोमला माणूस यंत्राचा हात झाला होता, तो उघडपणे. येथे खेळाडू हात झाला, प्रशिक्षक निरोप्या झाला, आणि खेळत होते कोण, तर हजारो कोसांवरचे एक डबडे.

त्याच तारेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२० साली साथीमुळे जग घरात कोंडले गेले, तेव्हा ऑलिंपियाड इंटरनेटवर झाले. भारताच्या संघाचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी, आणि संघात नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख होती. ३० ऑगस्टला रशियाशी अंतिम सामना चालू असता जोडणीच तुटली. निहाल सरीन आणि दिव्या आपापल्या घरी पडद्यापुढे बसलेले, डोक्यात डाव तयार, आणि हात पटापर्यंत पोहोचेना. घड्याळ चालत राहिले. दोघेही वेळेवर हरले. भारताने दाद मागितली तेव्हा दोन्ही देशांना संयुक्त विजेते ठरवण्यात आले. पाच वर्षांनी, २८ जुलै २०२५ रोजी, जॉर्जियातल्या बाटुमी येथे तीच दिव्या कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. तो किताब मिळवणारी ती चौथी भारतीय महिला. बाटुमीला पट लाकडाचा होता. मध्ये तार नव्हती, तशी तुटण्याची भीतीही नव्हती.

आमची मुलगी त्या दिव्याचे कात्रण वहीत चिकटवून जिल्ह्याच्या स्पर्धेला गेली. मी सोबत होतो. चौथ्या फेरीत तिचा डाव चांगला रंगला होता. मला खेळ बेताचाच कळतो, पण तिच्याकडे एक हत्ती जास्त होता एवढे दिसत होते. मग ती थांबली. पाच मिनिटे, दहा मिनिटे. दोन्ही हात मांडीवर. घड्याळाची वेळ संपली आणि पंचांनी डाव समोरच्या मुलाला दिला.

परतीच्या एसटीत मी विचारले, "अडलं कुठे गं?"

बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, मला सारखं वाटत होतं, आता बाण हलेल."

मी काही बोललो नाही. बोलण्याचा मला अधिकारही नव्हता. काही वर्षांमागे एका मुलाचा निबंध मी स्पर्धेसाठी दुरुस्त करायला घेतला होता. आधी शुद्धलेखन, मग एखादे वाक्य, मग शेवटचा परिच्छेद. असे करता करता त्यात त्याचे म्हणावे असे नावच तेवढे उरले. निबंधाला बक्षीस मिळाले. त्या मुलाने पुढे माझ्या वर्गात एकही निबंध मनापासून लिहिला नाही, आणि त्याचे कारण मी स्वतःला कधी विचारले नव्हते. माझा हात तर दुरूनही आला नव्हता. तो त्याच वहीवर, लाल शाईत होता.

त्या रात्री मी पुण्याच्या शिक्षकांना फोन केला आणि एसटीतले ते वाक्य जसेच्या तसे सांगितले. ते गृहस्थ सज्जन आहेत. थोडे थांबून म्हणाले, "समोर बसलो असतो तर तिचा चेहरा पाहून हात आवरला असता हो. पण इथे चेहरा दिसत नाही, नुसता पट दिसतो. आणि बाण हातात आला की राहवत नाही." मग त्यांनीच सांगितले, की या आज्ञासंचांत 'केवळ पाहणे' अशी एक सोय असते. पडदा दिसतो, पण पाहणाऱ्याचा बाण हलत नाही. केंब्रिजच्या त्या व्हीएनसीतही ती होती. एवढ्या लांबवर हात पोहोचवणाऱ्यांनी तो मागे घेण्याची कळही सोबत दिली होती. आम्ही ती दाबली नव्हती.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याचे शिक्षक नुसते पाहतात. डाव चालू असताना बोलत नाहीत. डाव संपला की पहिल्यापासून सगळा पुन्हा मांडून विचारतात, ही खेळी का केलीस, ती का नाही केलीस. मुलीची प्रगती आधीपेक्षा हळू आहे, हे त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितले आहे. डिसेंबरातल्या स्पर्धेत काय होईल ते सांगता येत नाही.

गेल्या शुक्रवारी ती एका खेळीवर अकरा मिनिटे अडली. मी वह्या तपाशीत होतो, पण माझे लक्ष तिकडेच होते. शिपाई कुलूप घेऊन दाराशी येऊन उभा राहिला. मी त्याला हातानेच थांबायची खूण केली. पुण्याहून आवाज नव्हता. तिने एकदा लॅपटॉपकडे कान दिल्यासारखे केले, मग मांडीवरचा उजवा हात उचलला आणि उंट सरकवला. ती खेळी चुकीची होती, हे मलाही पुढच्या दोन खेळ्यांत दिसले. तिनेही जीभ चावली.

मग ती खुर्ची पुढे ओढून पुन्हा पटात शिरली. मी हातातली लाल शाईची लेखणी बाजूला ठेवली, पेन्सिल घेतली, आणि पुढच्या वहीत एका वाक्याखाली नुसती रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह काढले.